'विसंगती'चे इंग्रजी पर्याय : अर्थभेद आणि वाक्यगत उपयोग

मराठी समीक्षेत 'विसंगती' हा शब्द फार विस्तृत अर्थाने वापरला जातो. एकाच ग्रंथाच्या दोन हस्तलिखितांत ओव्यांची संख्या जुळली नाही, तर ती विसंगती. कादंबरीतील पात्र आरंभी एक बोलून पुढे नेमके त्याच्या उलट वागले, तर तीही विसंगती. विनोदाचे मूळ शोधताना विसंगतीचा उल्लेख अपरिहार्यपणे येतो. समाजातील उच्चनीचतेचे वर्णन करतानाही सामाजिक विसंगती असा शब्दप्रयोग सर्रास आढळतो. मराठी वाचकाचे यामुळे फारसे अडत नाही, कारण संदर्भावरून त्याला अभिप्रेत अर्थ कळतो. हेच विधान इंग्रजीत मांडण्याची वेळ आली म्हणजे मात्र खरी अडचण उभी राहते. 'डिस्क्रेपन्सी', 'डिस्पॅरिटी', 'इन्कन्सिस्टन्सी', 'इन्कॉन्ग्रुइटी', 'मिसमॅच' आणि 'कॉन्ट्रॅडिक्शन' हे सहा शब्द इंग्रजीत परस्परांच्या जागी बसत नाहीत. प्रत्येकाचे क्षेत्र निराळे, त्याच्याबरोबर येणारी शब्दयोगी अव्यये निराळी आणि त्याने सूचित होणारा दोषारोपही निराळा.

हा प्रश्न केवळ इंग्रजीच्या शुद्धलेखनाचा नाही. मराठी विषयातील प्रबंधांना व शोधनिबंधांना इंग्रजी सारांश जोडण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. मराठी न जाणणाऱ्या अभ्यासकापुढे एवढा सारांशच येतो. मूळ विवेचन त्याला अगम्य असते. अशा वेळी लेखनिकाच्या हातून झालेली चूक सारांशात कवीच्या विचारातील गोंधळ म्हणून नोंदली गेली, तर ज्याचा काही अपराध नाही अशा ग्रंथकारावर तो अन्याय ठरतो. म्हणून या सहा शब्दांचे अर्थभेद आणि त्यांचा इंग्रजी वाक्यातील नेमका उपयोग यांचा विचार प्रस्तुत निबंधात मराठी वाङ्मयातील उदाहरणांच्या आधारे केला आहे.

१. व्युत्पत्तीचा आधार

या शब्दांची घडण पाहिली असता एक लक्षणीय साम्य आढळते. 'डिस्क्रेपन्सी'च्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदाचा संबंध आवाजाशी आहे. दोन नाद एकमेकांशी न जुळता खडखडणे, बेसूर होणे, हा त्याचा मूळ अर्थ. संस्कृतातील 'विसंवाद' हा शब्द वि + सम् + वद् असा सिद्ध होतो. एका सुरात न बोलणे हा त्याचा अर्थ. संगीतातील वादी, संवादी, विवादी या संज्ञा परिचित असणाऱ्या मराठी वाचकाला हे नाते सहज उमगेल. 'इन्कॉन्ग्रुइटी'च्या मुळाशी एकत्र येणे, मिळून जाणे या अर्थाचे क्रियापद आहे व त्यापुढे नकार जोडला आहे. संस्कृतातील 'विसंगति' म्हणजे वि + सम् + गम्. 'डिस्पॅरिटी'त समान या अर्थाच्या शब्दाला वियोगवाचक उपसर्ग लागला आहे. 'विषम' म्हणजे वि + सम. तीन लॅटिन शब्द आणि तीन संस्कृत शब्द अशा प्रकारे जवळजवळ समांतर उभे राहतात.

उरलेल्या तिघांपैकी 'इन्कन्सिस्टन्सी'त एकत्र उभे राहण्याची कल्पना आहे. जी दोन विधाने एकमेकांशेजारी उभी राहू शकत नाहीत ती 'इन्कन्सिस्टंट'. 'कॉन्ट्रॅडिक्शन' म्हणजे शब्दशः विरुद्ध बोलणे. 'मिसमॅच' हा मात्र लॅटिन कुळातील शब्द नव्हे. त्यातील 'मॅच' हा अंश जोडीदार या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दापासून आला आहे. साहजिकच त्याचा मूळ भाव जोडी न जुळण्याचा आहे.

व्युत्पत्ती ही स्मरणाला साहाय्य करते, प्रचलित अर्थाचा निर्णय करीत नाही, ही मर्यादा येथेच नोंदविणे आवश्यक आहे. 'विसंवाद' हा शब्द आजच्या मराठीत मुख्यतः माणसामाणसांतील बेबनाव या अर्थी रूढ आहे. दोन आकड्यांतील फरकाला कोणी विसंवाद म्हणत नाही. भारतीय प्रमाणशास्त्रात मात्र त्याचा जुना अर्थ स्पष्ट दिसतो. धर्मकीर्तीने प्रमाणज्ञानाचे लक्षण सांगताना 'अविसंवादी' हा शब्द योजला. ज्ञानाने जे दाखविले त्याच्याशी प्रत्यक्ष व्यवहारातील प्राप्ती जुळणे, हा त्यातील आशय. ज्ञान आणि वस्तू यांच्यात फरक पडला की विसंवाद उत्पन्न होतो. 'डिस्क्रेपन्सी'च्या आजच्या इंग्रजी अर्थाच्या अगदी जवळ जाणारी ही कल्पना आहे.

२. 'डिस्क्रेपन्सी' : एकाच वस्तूचे दोन जबाब

'डिस्क्रेपन्सी'चा गाभा असा की, ज्या दोन गोष्टी जुळावयास हव्या होत्या त्या जुळत नाहीत. ही 'जुळावयास हव्या होत्या' अशी अपेक्षा नसेल, तर हा शब्द वापरता येत नाही. दोन गावांची लोकसंख्या भिन्न असते, यात 'डिस्क्रेपन्सी' नाही. एकाच गावाची लोकसंख्या एका दप्तरात एक व दुसऱ्यात दुसरी नोंदलेली असेल, तर ती 'डिस्क्रेपन्सी' होय. वस्तू एक आणि तिच्याविषयीचे जबाब दोन, ही या शब्दाची पूर्वअट आहे.

या अर्थाला मराठीत अत्यंत समर्पक शब्द उपलब्ध आहे, तो 'तफावत'. अरबीतून फारसीच्या द्वारे मराठीत आलेला हा शब्द हिशेबाच्या व्यवहारात चांगला मुरला आहे. जमा आणि शिल्लक यांचा ताळा जुळला नाही म्हणजे कारकून 'तफावत पडली' असे म्हणतो, 'विसंगती आली' असे म्हणत नाही. व्यवहारातील मराठीने राखलेला हा विवेक समीक्षेच्या मराठीत मात्र पुष्कळदा हरवलेला दिसतो.

पाठचिकित्सा हे 'डिस्क्रेपन्सी'चे स्वाभाविक क्षेत्र आहे. ज्ञानेश्वरीची रचना शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० च्या सुमारास पूर्ण झाली. पुढे जवळजवळ तीनशे वर्षे तिच्या प्रती होत राहिल्या व त्यांत अपपाठ शिरले. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, एकनाथांनी प्रती ताडून पाहून तिचे शुद्धीकरण केले. या कार्याचे वर्णन इंग्रजीत करताना पुढील वाक्य योग्य ठरेल : 'एकनाथ कम्पेअर्ड द कॉपीज अँड ट्राइड टु रिझॉल्व्ह द डिस्क्रेपन्सीज अमंग देम.' येथे 'इन्कन्सिस्टन्सीज इन द ज्ञानेश्वरी' असे लिहिले, तर ज्ञानेश्वरांच्या प्रतिपादनातच मेळ नव्हता आणि एकनाथांनी तो घातला, असा सर्वस्वी निराळा अर्थ होईल. दोष प्रतींचा असताना तो ग्रंथकाराच्या माथी बसेल.

तुकारामांच्या गाथेबाबतही असेच घडते. शंकर पांडुरंग पंडित व विष्णु परशुराम शास्त्री पंडित यांनी सिद्ध केलेली आवृत्ती १८६९ ते १८७३ या काळात प्रसिद्ध झाली. तीत साडेचार हजारांहून अधिक अभंग आहेत. अन्य आवृत्तींत ही संख्या सारखी भरत नाही. या फरकाला 'अ डिस्क्रेपन्सी इन द नंबर ऑफ अभंग्ज बिट्वीन द टू एडिशन्स' असे म्हणावे. तुकारामांच्या जन्मवर्षाविषयी १५६८, १५७७, १५९८ व १६०८ असे भिन्न पक्ष अभ्यासकांनी मांडले आहेत. त्यांतील पहिल्या आणि शेवटच्या पक्षांत चाळीस वर्षांचे अंतर पडते. हे इंग्रजीत असे मांडता येते : 'देअर इज अ डिस्क्रेपन्सी ऑफ फॉर्टी इयर्स बिट्वीन द अर्लिएस्ट अँड द लेटेस्ट डेट्स प्रपोज्ड.'

वरील उदाहरणांवरून या शब्दाबरोबर येणाऱ्या शब्दयोगी अव्ययांची व्यवस्था स्पष्ट होते. ज्या दोन गोष्टी जुळत नाहीत त्यांपूर्वी 'बिट्वीन' येते व त्या दोहोंना 'अँड' जोडते. दोहोंहून अधिक गोष्टी समूहरूपाने अभिप्रेत असतील, तर 'अमंग' येते. ज्या बाबतीत फरक पडला ती बाब 'इन'ने दाखवितात. जसे, 'अ डिस्क्रेपन्सी इन द अकाउंट्स'. फरकाचे परिमाण सांगावयाचे असेल तेथे 'ऑफ' येते. मराठी सप्तमीचा प्रत्यय आणि 'यांतील', 'यांमधील' ही रूपे यांतील बहुतेक कामे एकट्याने उरकतात, म्हणून मराठीभाषकाचा येथे गोंधळ उडतो.

हा शब्द सामान्यतः गणनीय आहे. म्हणून एकवचनात त्यापूर्वी 'अ' हे उपपद लागते. मराठीत उपपदे नसल्याने 'देअर इज डिस्क्रेपन्सी इन टू मॅन्युस्क्रिप्ट्स' अशी सदोष रचना वारंवार आढळते. 'देअर इज अ डिस्क्रेपन्सी बिट्वीन द टू मॅन्युस्क्रिप्ट्स' असे लिहावे. 'सम डिस्क्रेपन्सी', 'मच डिस्क्रेपन्सी' असा अगणनीय प्रयोगही इंग्रजीला मान्य आहे. पण फरकाची अनेक स्थळे दाखवावयाची असतील, तर 'डिस्क्रेपन्सीज' हे अनेकवचनच योजावे. मराठीत 'प्रतींत बरीच तफावत आहे' असे एकवचनी वाक्य शोभते, त्यावरून इंग्रजी वचनाचा निर्णय करू नये.

'डिस्क्रेपंट' हे विशेषण कोशात असले, तरी वापरात तुलनेने विरळ व काहीसे शास्त्रीय वळणाचे आहे. 'द टू रीडिंग्ज आर डिस्क्रेपंट' हे वाक्य चुकीचे नाही. परंतु 'द टू रीडिंग्ज डू नॉट अग्री' हे साधे वाक्य अधिक स्वाभाविक वाटते.

३. 'डिस्पॅरिटी' : दोन निराळ्यांतील अंतर

'डिस्पॅरिटी'त दोन गोष्टी मुळातच निराळ्या असतात. त्यांच्या प्रमाणात, दर्जात वा वाट्याला येणाऱ्या लाभात अंतर असते. त्या एकच असाव्यात अशी अपेक्षा नसते. त्या समपातळीवर असाव्यात, ही अपेक्षा मात्र बहुधा सूचित असते. म्हणून स्त्रीपुरुषांच्या वेतनातील फरकाला 'डिस्पॅरिटी' म्हणतात. मराठीत यासाठी 'विषमता' हाच शब्द योग्य आहे. 'सामाजिक विसंगती' असे लिहून विषमतेचा बोध करून देण्याचा प्रयत्न मराठीतही शिथिल आहे व इंग्रजी अनुवादात तो अधिकच दिशाभूल करतो.

या दोन शब्दांतील अंतर वयाच्या उदाहरणाने चटकन ध्यानात येते. 'अ डिस्पॅरिटी इन एज बिट्वीन द ब्राइड अँड द ग्रूम' म्हणजे वधू आणि वर यांच्या वयांतील मोठे अंतर. 'अ डिस्क्रेपन्सी इन हर एज' म्हणजे तिच्या वयाच्या दोन नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत, उदाहरणार्थ, शाळेच्या पटावर एक जन्मतारीख व जन्मनोंदीत दुसरी. गोविंद बल्लाळ देवलांच्या 'संगीत शारदा' (१८९९) या नाटकाचा विषय पहिल्या प्रकारचा आहे. त्याचा परिचय करून देताना 'एज डिस्क्रेपन्सी' असा शब्द योजला, तर बालाजरठ विवाहाचा सामाजिक प्रश्न दप्तरातील चुकीच्या पातळीवर उतरतो.

महाराष्ट्रातील प्रादेशिक विकासाचा प्रश्न तपासण्यासाठी १९८३ साली वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या इंग्रजी नावात 'इम्बॅलन्स' हा शब्द होता. तागडी एका बाजूला कलली आहे, ही प्रतिमा त्यात आहे. 'डिस्पॅरिटी'त केवळ अंतराचा निर्देश आहे. 'असमतोल' आणि 'विषमता' हे दोन मराठी शब्द हाच भेद दाखवितात.

४. 'इन्कन्सिस्टन्सी' : एकाच्याच बोलण्यावागण्यातील असुसंगती

एकाच व्यक्तीची, ग्रंथाची किंवा विचारव्यूहाची दोन अंगे एकमेकांशी मिळत नाहीत, तेव्हा 'इन्कन्सिस्टन्सी' होते. मराठीत तिला 'असुसंगती' म्हणावे. तिच्या विशेषणाबरोबर 'विद' येते : 'द सेकंड आर्ग्युमेंट इज इन्कन्सिस्टंट विद द फर्स्ट.' नामाबरोबर 'इन' किंवा 'बिट्वीन' येते. 'इन्कन्सिस्टंट टु' किंवा 'इन्कन्सिस्टंट फ्रॉम' ही रचना इंग्रजीत नाही.

हा शब्द वापरताना विशेष सावधगिरी हवी, कारण त्यात कर्त्यावर दोषारोप आहे. तुकारामांच्या काही अभंगांत आत्यंतिक निराशा व आत्मनिंदा आहे, तर काहींत निःशंक आत्मविश्वास आहे. दीर्घ साधनेच्या वेगवेगळ्या अवस्थांतील हे उद्गार आहेत. त्यांना 'इन्कन्सिस्टन्सी' म्हणणे म्हणजे कवीकडून तर्कशास्त्राच्या ग्रंथाची अपेक्षा करणे होय. 'टेन्शन' (ताण) किंवा 'रेंज' (आवाका) असा शब्द तेथे अधिक न्याय्य ठरेल. उलट, एखाद्या समीक्षकाने आरंभी स्वीकारलेला निकष पुढे न सांगता सोडून दिला असेल, तर तेथे 'इन्कन्सिस्टन्सी' हाच नेमका शब्द आहे; तो टाळण्यात सौजन्य असले, तरी काटेकोरपणा नाही.

उक्ती आणि कृती यांच्यातील फरकाला इंग्रजीत दोन्ही शब्द चालतात, पण सूर बदलतो. 'देअर इज अ डिस्क्रेपन्सी बिट्वीन व्हॉट ही सेज अँड व्हॉट ही डज' हे निरीक्षण आहे. उक्ती ही कृतीविषयीची ग्वाही मानून ती प्रत्यक्षाशी ताडून पाहिली आहे. 'ही इज इन्कन्सिस्टंट' हा त्या व्यक्तीवरील अभिप्राय आहे. समीक्षेत निरीक्षण आधी यावे व अभिप्राय नंतर, एवढे पथ्य पाळल्यास शब्दाची निवड सोपी होते.

५. 'इन्कॉन्ग्रुइटी' : विनोदाचे क्षेत्र

दोन गोष्टी स्वतंत्रपणे निर्दोष असतात, परंतु एकत्र आल्या की शोभत नाहीत; ही 'इन्कॉन्ग्रुइटी' होय. मराठीतील 'विसंगती' हा शब्द खऱ्या अर्थाने येथे चपखल बसतो. येथे कोणाचा जबाब चुकलेला नसतो, कोणाला कमी मिळालेले नसते आणि कोणी शब्द फिरविलेलाही नसतो. संदर्भ आणि वस्तू यांचे मीलनच विचित्र असते.

पाश्चात्त्य विनोदमीमांसेत या कल्पनेला मोठे स्थान आहे. शोपेनहाउअरने हास्याचे कारण कल्पना आणि तिच्याखाली आणलेली प्रत्यक्ष वस्तू यांच्यातील अकस्मात जाणवलेल्या विसंगतीत पाहिले. मराठीत न. चिं. केळकरांनी विनोदाची जी तात्त्विक चर्चा केली, तिच्यामुळे हा विचार येथील समीक्षेत स्थिरावण्यास साहाय्य झाले. राम गणेश गडकऱ्यांच्या 'एकच प्याला' या नाटकातील आर्यमदिरामंडळ हे याचे उत्तम उदाहरण आहे. सार्वजनिक संस्थेचा डौल आणि मद्यपींचा अड्डा या दोन गोष्टींपैकी कोणतीही एकटी हास्यजनक नाही. त्यांच्या संयोगातून हास्य निर्माण होते. 'द ह्यूमर अरायझेस फ्रॉम द इन्कॉन्ग्रुइटी बिट्वीन द सॉलेम फॉर्म ऑफ द सोसायटी अँड इट्स पर्पज' असे त्याचे वर्णन करता येईल. येथे 'डिस्क्रेपन्सी' लिहिल्यास वाचक कोणते दोन वृत्तान्त जुळत नाहीत ते शोधू लागेल.

सतीश आळेकरांच्या 'महानिर्वाण' (१९७४) मध्ये मृत भाऊराव स्वतःच कीर्तन रंगवितो. भक्तीचा आविष्कारप्रकार आणि प्रेताच्या विल्हेवाटीचा व्यवहार यांची ही सांगड 'इन्कॉन्ग्रुअस' आहे, आणि ती नाटककाराने हेतुपुरस्सर साधली आहे. 'इन्कॉन्ग्रुइटी' हा दोषच असतो असे नाही, हे यावरून स्पष्ट होईल. कलेत ती सामर्थ्यही ठरते. 'डिस्क्रेपन्सी'बाबत असे क्वचितच म्हणता येते.

येथेच एका पारिभाषिक संज्ञेची दखल घेणे इष्ट आहे. मार्टिन एस्लिनच्या १९६१ मधील ग्रंथामुळे रूढ झालेल्या 'थिएटर ऑफ दि ॲब्सर्ड' या संज्ञेसाठी मराठीत 'असंगत नाट्य' हा पर्याय वापरला गेला. मराठी विवेचनाचा इंग्रजी सारांश करताना काही वेळा याचे उलट भाषांतर 'इन्कॉन्ग्रुअस प्ले' असे होते. संज्ञेचे भाषांतर तिच्या मूळ संज्ञेनेच व्हावयास हवे. 'ॲब्सर्ड' या शब्दाच्या लॅटिन पूर्वजाचाही मूळ अर्थ बेसूर असाच आहे. परंतु नाट्यविचारात त्याने मानवी अस्तित्वाच्या निरर्थकतेचा आशय धारण केला आहे. 'इन्कॉन्ग्रुअस'मध्ये तो नाही.

६. 'मिसमॅच' : विजोडपणा

ज्या दोन गोष्टींची जोडी बनविली आहे, किंवा ज्या एकमेकींच्या उपयोगी पडाव्यात, त्या एकमेकींना साजेशा नसतील तर 'मिसमॅच' होतो. मराठीत 'विजोड' हा नेमका शब्द आहे. इंग्रजीत 'मॅच'चा विवाहसंबंध हाही एक अर्थ आहे. मराठीतही 'जोडी', 'जोडपे', 'विजोड' ही शब्दमालिका विवाहाभोवतीच फिरते. 'शारदा' नाटकातील वयाचे अंतर ही 'डिस्पॅरिटी'. त्या अंतरामुळे घडू पाहणारा विवाह हा 'मिसमॅच'. पहिल्यात मापाचा निर्देश आहे, दुसऱ्यात जोडीचा.

संस्कृत साहित्यशास्त्रानेही हा विचार केला आहे. एकमेकांना अनुरूप नसलेल्या वस्तूंची सांगड जेथे वर्णिली जाते, तेथे 'विषम' अलंकार मानतात. अनुरूप वस्तूंचे मीलन जेथे असते, तेथे 'सम'. याउलट 'असंगति' अलंकारात कारण एका ठिकाणी व कार्य दुसऱ्याच ठिकाणी दाखविले जाते. म्हणजे अलंकारशास्त्रातील 'असंगति'चे भाषांतरही 'मिसमॅच' असे करून चालणार नाही. अशा संज्ञा इंग्रजी लेखनात मूळ रूपात ठेवून त्यांचे एका वाक्यात स्पष्टीकरण देणे, हाच सुरक्षित मार्ग होय.

वाक्यरचनेच्या दृष्टीने 'मिसमॅच' हे नाम 'बिट्वीन' घेते : 'अ मिसमॅच बिट्वीन द थीम अँड द मीटर.' विषय गंभीर व वृत्त नाचरे असेल, तर हे वाक्य शोभेल. विशेषण म्हणून 'मिसमॅच्ड' हे रूप वापरावे. 'द मीटर इज मिसमॅचिंग विद द थीम' ही रचना 'जुळत नाही' या मराठी क्रियापदाची छाया आहे. ती इंग्रजीला परकी आहे. तेथे 'द मीटर डझ नॉट सूट द थीम' असे लिहिणे बरे. 'मिसमॅच'चा सूरही 'इन्कॉन्ग्रुइटी'हून अधिक व्यावहारिक आहे. सौंदर्यविचारात त्याचा अतिरेक टाळावा.

७. 'कॉन्ट्रॅडिक्शन' : दोन्ही एकत्र सत्य असणे अशक्य

दोन विधानांपैकी एक खरे मानले तर दुसरे खोटे ठरलेच पाहिजे, अशी स्थिती म्हणजे 'कॉन्ट्रॅडिक्शन'. 'वदतोव्याघात' हा जुना शास्त्रीय शब्द इंग्रजीतील 'कॉन्ट्रॅडिक्शन इन टर्म्स'चे काम चोख बजावतो. सामाजिक विचारात हाच शब्द 'अंतर्विरोध' या अर्थाने येतो.

या शब्दाच्या निवडीत केवढे सामर्थ्य असते, याचे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधानसभेत झालेल्या भाषणात आहे. २६ जानेवारी १९५० पासून राजकीय जीवनात समता असेल, पण सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता कायम राहील, हे सांगताना त्यांनी 'कॉन्ट्रॅडिक्शन्स' हा शब्द योजला. 'डिस्क्रेपन्सी' दोहोंपैकी एक नोंद दुरुस्त करून मिटविता येते. 'डिस्पॅरिटी' हळूहळू कमी करता येते. अंतर्विरोधाला मात्र असा मधला मार्ग नसतो. दोहोंपैकी एकाला हटावेच लागते. हा अंतर्विरोध लवकरात लवकर दूर केला नाही, तर विषमतेने पीडलेले लोक लोकशाहीची ही उभारणीच उद्ध्वस्त करतील, असा इशारा त्यांनी दिला होता. त्या इशाऱ्याची धार या शब्दातच सामावलेली आहे. त्या भाषणाचा आशय मराठीत सांगताना 'विसंगती' असा सौम्य शब्द योजणे आणि पुढे त्याचेच इंग्रजी 'मिसमॅच' करणे, म्हणजे त्यातील राजकीय विचाराची धार बोथट करणे होय. दलित साहित्याच्या समीक्षेत ही काळजी विशेषत्वाने घ्यावयास हवी.

८. निवडीची कसोटी

वरील विवेचन प्रश्नरूपाने असे संक्षेपित करता येईल. एकाच वस्तूविषयीचे दोन जबाब जुळत नाहीत काय? तर 'डिस्क्रेपन्सी', मराठीत तफावत. दोन निराळ्या पक्षांच्या वाट्यात वा प्रमाणात अंतर आहे काय? तर 'डिस्पॅरिटी', मराठीत विषमता. एकाच्याच दोन विधानांचा मेळ बसत नाही काय? तर 'इन्कन्सिस्टन्सी', मराठीत असुसंगती. निर्दोष गोष्टींचे एकत्र येणेच विचित्र आहे काय? तर 'इन्कॉन्ग्रुइटी', मराठीत विसंगती. जोडी म्हणून त्या एकमेकींना साजत नाहीत काय? तर 'मिसमॅच', मराठीत विजोडपणा. दोन्ही एकाच वेळी सत्य असणे अशक्य आहे काय? तर 'कॉन्ट्रॅडिक्शन', मराठीत विरोध, व्याघात वा अंतर्विरोध.

या सीमारेषा सर्वत्र सारख्या ठळक नाहीत. उक्ती-कृतीच्या उदाहरणात दिसले त्याप्रमाणे एकाच प्रसंगाला दोन शब्द लागू पडू शकतात. पण तेव्हाही दोहोंचा आशय एक नसतो. दृष्टिकोन बदलतो आणि त्याबरोबर दोषाचा धनीही बदलतो.

मराठीतही यांतील प्रत्येक अर्थच्छटेसाठी स्वतंत्र शब्द आहे, ही यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट. हिशेबाच्या मराठीने 'तफावत' जपली, लग्नव्यवहाराच्या मराठीने 'विजोड' जपला, शास्त्रीय मराठीने 'वदतोव्याघात' जपला. समीक्षेच्या मराठीने या सर्वांवर 'विसंगती'चे एकच पांघरूण घातले. म्हणून इंग्रजी सारांश लिहिताना दिसणारी चूक बहुधा इंग्रजीत सुरू झालेली नसते; मूळ मराठी वाक्यातच अर्थाचा निश्चय झालेला नसतो. तो निश्चय मराठीत झाला, तर इंग्रजी शब्द निवडणे अवघड राहत नाही. आणि तो न करता निवडलेला इंग्रजी शब्द कोशाप्रमाणे कितीही शुद्ध असला, तरी प्रतकाराचा दोष कवीच्या व व्यवस्थेचा दोष व्यक्तीच्या नावे टाकण्याचा धोका तसाच राहतो.